बादली आणि डबल बेल

घाटंजीला आम्ही भाड्याने राहत होतो, त्या घराच्या फाटकाला एक घंटी टांगलेली होती. देवळातली नव्हे, एसटीतली. घरमालकांनी ती भंगारात निघालेल्या कुठल्यातरी गाडीची मिळवली होती आणि तिची दोरी फाटकापासून थेट पडवीतल्या आपल्या खुर्चीपर्यंत ओढून आणली होती. रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला ते आमच्या ओल्या कचऱ्याची बादली उचलत, परसातल्या खताच्या खड्ड्याकडे निघत, वाटेत थांबून तिच्यात डोकावत, एका काडीने आतला माल खालीवर करत आणि परत येऊन खुर्चीत बसत. मग दोरी ओढत. घंटी दोनदा वाजली, तर आमच्या घरी आज धड जेवण झालं. एकदाच वाजली, तर नाही.

एसटीची ही भाषा गल्लीत सगळ्यांनाच येत होती. एक टोला म्हणजे गाडी थांबव, दोन टोले म्हणजे जाऊ दे. त्यामुळे आमच्या घरी काय शिजलं हे नसलं, तरी कसं शिजलं हे गल्लीला रोज कळायचं. समोरची बाई दुसऱ्या दिवशी नळावर हटकून विचारायची, "काल सिंगलच वाजली वाट्टे, मॅडम?"

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझं माहेर यवतमाळचं, तीन पिढ्या कचेरीत गेलेलं. घरातली गोष्ट घरातच राहावी, असं आम्हाला पाळण्यात शिकवतात. आणि इथे माझ्या बटाट्याच्या सालींचा रोज जाहीर निकाल लागत होता.

घर ठरवतानाच त्यांनी अट घातली होती. "ओला कचरा येगळा ठिवा लागते. थो मले पाह्यजे." आम्हाला वाटलं, खतासाठी. खत ते करतच होते, आणि त्या खतावर परसात वांगी, चवळी, पालक, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, असं बरंच काही पिकतही होतं. पण खत हे निमित्त. त्यांना खरी गोडी वाचनाची होती, आणि वाचायला त्यांना आमची बादली पुरत होती.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. गल्लीत ते नुसते कंडक्टर. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटक, खिशात अजूनही तिकिटं पंच करायचा चिमटा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कोणत्याही कार्यक्रमात ते दाराजवळ, मागेच बसत. कोंबड्या पडवीत गोळा झाल्या की "पुढं सरका, पुढं सरका, मंधात जागा हाय" असं त्यांना खरोखरच सांगत. बायको जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, एकुलती मुलगी लग्न होऊन बोरी अरब या गावी. स्वयंपाक स्वतःचा स्वतः करत. बोलणं सगळं वऱ्हाडी, आणि प्रश्न विचारून गप्प बसायची एक भयंकर सवय.

हे बादली वाचणं कुठून आलं, असं मी एकदा न राहवून विचारलं. तेव्हा त्यांनी मला थैल्यांचं शास्त्र सांगितलं. तीस वर्षं ते या जिल्ह्याच्या गाड्यांवर होते. बाजाराच्या दिवशी गाडीत माणसांपेक्षा थैल्या जास्त. तिकीट फाडताना नजर खाली, आणि खाली पाहिलं की थैल्यांची तोंडं.

"ज्या थैलीत वर चिवडा अन् खाली निस्ते आलू-कांदे, त्या घरच्या बाईले घाई हाय," ते म्हणाले. "ज्या थैलीत एकाच भाजीचा ढीग, थ्या घरी मानूस बाजार करते, स्वस्त दिसलं का उचलते. अन् ज्याच्या थैलीत चार तऱ्हेचं थोडं-थोडं, त्याच्या घरी कोनीतरी इचार करून राह्यलं, हे समजजा."

पुसदच्या बाजूला बदली होती तेव्हा फुलसावंगीच्या गाडीतली एक म्हातारी म्हणे दर आठवड्याला थैलीत तळाशी दोन जाम लपवून न्यायची. पेरूंना आमच्याकडे जामच म्हणतात. लपवायची कशाला, तर फळं हा लाडाचा खर्च, सुनेने पाहिला तर काय म्हणेल. आणि सून दुसऱ्या दिवशीच्या गाडीत, तिच्याही थैलीत तळाशी दोन जाम. दोघींची चोरी एकट्या कंडक्टरला माहीत. ही गोष्ट कितपत खरी, मला ठाऊक नाही. पण ती सांगताना ते इतके खूश असत, की मी ती चारदा ऐकली आणि चारही वेळा हसले.

त्यांची दुसरी एक गोष्ट मात्र नंतर मला फार महागात पडली. गाडीत विनातिकीट बसलेला माणूस त्यांना लगेच ओळखू यायचा. तो खिडकीबाहेर फार मन लावून पाहत असतो म्हणे. पण काका त्याच्यावर कधी ओरडले नाहीत. ते सगळी गाडी संपवून त्याच्या शेजारी येऊन बसत आणि हळूच विचारत, "कुठं उतरनार?" बस्स. माणूस आपण होऊन खिशात हात घालायचा.

आता माझी बाजू. मी तिथल्या एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. नवरा रोज यवतमाळला जाऊन-येऊन नोकरी करायचा. आमची मनू तेव्हा पाच वर्षांची. मी सकाळी आठला घर सोडायची आणि सव्वासहाला परत यायची. अशा घरात काय शिजतं? वरण, भात आणि आलू. आलूची भाजी, आलूचे पराठे, वरणात आलू. मनूला हिरवं काही दिसलं की ती ओठ मिटून घ्यायची, आणि मला तिच्याशी भांडायची ताकद नसायची. फळाचं म्हणाल, तर सफरचंद आजारी पडल्यावर आणायचं असतं अशी आमची समजूत होती. काका त्यावर म्हणायचे, "बिमार पडलं का सफरचंद, बरं असलं का बिस्कुट! बाप्पा, हा कोनता कायदा?"

सलग सात दिवस सिंगल वाजली, तेव्हा मी चिडून पडवीत गेले.

"काका, आमच्या घरात आम्ही काय खावं, तो आमचा प्रश्न आहे."

"हाव ना."

"मग घंटी कशाला वाजवता?"

"मले दिसते, म्हनून वाजवतो." मग म्हणाले, "पोट्टी लय शांत बसते वो तुमची."

"सगळे कौतुकच करतात तिचं. बालवाडीच्या बाईही म्हणाल्या, एका जागी बसते, त्रास नाही."

"पाच वर्साचं लेकरू एका जागी बसते, म्हंजे इंजिनात कायतरी कमी हाय, मॅडम. गाडी शांत उभी हाय म्हनून डायवर खूश होत नसते."

मी फणकाऱ्याने परत आले. राग त्यांचा आला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मी दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची बोटं टोचत होते, डोळ्यांच्या खालची पापणी ओढून लाली पाहत होते, आणि घरी आल्यावर मनूची पापणी ओढायची मला भीती वाटत होती. हे मी आज कबूल करते, तेव्हा नाही केलं. तेव्हा मी निराळाच उद्योग केला.

लॅबजवळ एक भाजीवाली बसायची. हिवाळ्याचे दिवस, भाज्यांची नुसती रेलचेल. तिच्या टोपल्याशेजारी दुपारपर्यंत मेथीच्या काड्या, फुलकोबीची पानं, सोललेल्या मटाराच्या साली यांचा ढीग पडायचा. मी तिला म्हटलं, हे मला देत जाशील का?

"बकरी पाळली काय, मॅडम?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवसापासून मी पर्समध्ये एक पिशवी न्यायला लागले. संध्याकाळी घरी आले, की बटाट्याच्या साली कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात, आणि भाजीवालीचा माल ओल्या बादलीत. पहिल्याच दिवशी घंटी दोनदा वाजली. दुसऱ्या दिवशीही. समोरची बाई नळावर म्हणाली, "वा मॅडम, तब्येतीत चाललं हाय." मी एवढी सुशिक्षित, पण मला त्याचा आनंद झाला, आणि मी आत येऊन निवांतपणे आलूचा रस्सा केला.

आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी मी बादली बाहेर ठेवली आणि वळणार, तर काका पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसले. मीही बसले.

"बकरी कशी हाय?" त्यांनी विचारलं.

मी बादलीकडे पाहिलं.

"थे भाजीवाली रस्त्यात भेटलती. म्हने, तुमच्या भाडेकरीनबाईची बकरी दूध देते का नाई? मी म्हनलं, पाहून सांगतो." ते हसले नाहीत. "मले पहिल्याच दिशी समजलं होतं. आत्ता सोललेली मटाराची साल बोटात करकर वाजते. तुमची साल सुकेल होती. उन्हात पडून राह्यलेला माल हाय थो. अन् मेथीच्या पाच जुड्या निवडाले घंटाभर लागते. तुमी सव्वासहाले येता, साडेसहाले बादली भायेर."

"मग डबल कशाला वाजवली?" मला एकदम रडूच आलं.

"चढल्या-चढल्या कोनाले उतरवत नसतो मी." मग त्यांनी तेच विचारलं, ज्याची मला भीती होती. "कुठं उतरनार, मॅडम?"

दुसऱ्या दिवशी मी मनूला लॅबमध्ये घेऊन गेले. तिच्या बोटाला सुई लावण्याआधी मी ते तीनदा पुसलं. रोज पन्नास बोटं टोचणारी मी. हिमोग्लोबीनचा आकडा आला आठ पॉईंट एक, हवा किमान साडेअकरा. मी यंत्र बिघडलं असेल म्हणून परत टोचलं, मनू परत रडली, आणि आकडा तोच आला. मी तिला मांडीवर घेऊन खूप वेळ खुर्चीत बसले. बाहेर रांगेतल्या बायका कुजबुजत होत्या, की मॅडमलाच काय झालं.

डॉक्टरांनी औषध दिलं, आणि भाज्या-फळांची यादी दिली. ती यादी मला पाठ होती, मीच ती रोज लोकांना वाचून दाखवायचे. मनूच्या मिटलेल्या ओठांतून ती आत कशी जाणार, हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नव्हतं. तो रस्ता काकांनी काढला. त्यांनी मनूच्या हातात तिकिटाचा चिमटा दिला.

"पंच कर," ते म्हणाले, आणि पालकाचं एक पान पुढे धरलं. मनूने कचकन भोक पाडलं. काका गंभीरपणे म्हणाले, "आता हे तिकीट झालं. पंच केलेलं तिकीट टाकून देता येत नसते. याच्यावर प्रवास करा लागते."

त्या दिवसापासून आमच्या डाळभाजीत भोकं पडलेली पानं असत. मनू वाटीत आपलं पान शोधायची, आणि शोधता शोधता बाकीचीही पोटात जायची. पुढे तिने अंबाडी पंच केली, चवळीचा पाला पंच केला, एकदा तर उत्साहात माझी साडीही. जाम खाताना आधी त्याच्या सालीवर चिमटा लावून खूण करायची. श्रावणात काका तिला गावाबाहेरच्या शेतांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तरोट्याची रानभाजी खुडायला नेऊ लागले. जाण्याआधी ते शेतवाल्या बाईला ओरडून विचारत, "फवारा मारला काय वो?" मारला असेल, तर तसेच परत येत. ती पोरगी पाऊण कोस चालत जायची आणि चालत यायची, एका जागी बसत नसे.

बादली तर त्या वर्षी भरभरून वाहत होती. उन्हाळ्यात बाजारात काही उरलं नाही, तेव्हा काकांनी वाळवलेला हरभऱ्याचा पाला काढून दिला. त्याची साल पडत नाही म्हणून मी मुद्दाम जाऊन सांगितलं, आणि त्यांनी माझ्या शब्दावर डबल वाजवली. समोरच्या बाईने आपल्याही घरची बादली आणून दाखवली, आणि तिची सिंगल वाजली. मी नळावर तिला काही बोलले नाही. पण मनात म्हणाले.

आता त्यांच्या दोन ताटांविषयी सांगायला हवं, कारण मला सगळ्यात जास्त कोडं त्याचंच होतं. सुट्टीच्या दिवशी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची पडवी दिसायची. जेवायला बसताना काका दोन ताटं मांडत. आधी एका ताटात भाजी वाढत, चांगली दोन पळ्या, वर कच्चा कांदा, काकडी, लिंबाची फोड. मग दुसऱ्या ताटात, उरेल ती. समोर कोणी नाही. थोडा वेळ बसत, मग पहिलं ताट संपवत, मग दुसरं. दोन्ही धुऊन पालथी घालत.

माणूस दुसऱ्याच्या बादलीत डोकावतो, तर त्याच्या ताटात डोकावायचा मलाही हक्क आहे, असं मी ठरवलं आणि गल्लीत चौकशी केली. "थे बायकोचं पान असते," समोरची बाई आवाज खाली करून म्हणाली. "पौर्णिमेले विहारात जाते, घरात बुद्धाची मूर्ती, अन् चोरून मेलेल्या बायकोले जेवाले वाढते. कोनाले सांगू नोका." मला ते पटलं, आणि थोडं गोडही वाटलं. आमच्याकडे हे सगळं उघड करतात. यांना धर्म बदलल्यावर चोरून करावं लागत असेल, असा मी आपल्या मनाने अर्थ लावला.

त्या वर्षी पितृपक्षात सासूबाईंच्या तिथीला मी वडे आणि खीर केली. एका ताटात काढून, वर तुळशीचं पान ठेवून, काकांच्या पडवीत गेले. म्हटलं, "काका, काकूंच्या पानासाठी आणलंय."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. इतक्या महिन्यांत त्यांना चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कोन म्हनलं तुमाले, थे पान मेलेल्याचं हाय? आमच्यात पितर नाई, पान नाई, कावळा नाई. माह्या बापानं सोडलं थे सगळं. मी कायले करीन?"

मी ताट हातात धरून उभीच. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा," ते म्हणाले. "वडे ठिवा अथी. वड्याचा काय गुन्हा हाय?"

मग त्यांनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, फाटकाकडे पाहत होते.

"तीस वर्सं मी सगळ्या जिल्ह्याच्या थैल्या पाह्यल्या. घरी चांगली थैली येत होती, मीच आनत होतो. भाजी, जाम, मोसमातलं सगळं. ताटात वाढून भेटे, मी जेवो. पोरगी जेवे. बायको म्हने, तुमी जेवा, मी मांगून जेवीन. मांगून काय जेवते, मी कधी कढई वाकवून पाह्यली नाई. भाजी उरली त भाजी, नाई त मिरची अन् भाकर. उरे कुठून? मीच दोनदा मांगो. एक दिवस चुलीपाशी बसली, थे उठलीच नाई. डॉक्टर म्हने, हिच्या आंगात रक्तच नाई. मी म्हनलं, असं कसं? आमच्या घरी त सगळं येते."

कोंबड्या पायात घोटाळत होत्या. त्यांनी त्यांना पुढे सरका म्हटलं नाही.

"आता तिच्या वाटनीचं आधी काढतो. मंग माहं. तिले पोचत नाई, हे मले समजते वो. मीच खातो. पन आधी काढाची सवय लागली पाह्यजे का नाई? थे सवय मले ती असताना नाई लागली." एवढं बोलून त्यांनी एक वडा उचलला आणि खाल्ला. मी खिरीची वाटी पुढे केली, तीही त्यांनी संपवली.

मी घरी येऊन रडले. बिचारी काकू, म्हणून रडले. स्वतःचा विचार माझ्या मनात आलाही नाही, हे मी अगदी शपथेवर सांगते. त्याच दिवशी मी सगळ्यांना वाढून झाल्यावर कढईत काय उरलं ते भाकरीने पुसून खाल्लं आणि लोणच्याची बरणी ओढली. रोजच्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडली, तेव्हा रांगेत तिसऱ्या नंबरवर काका बसलेले. त्यांची पाळी आली.

"हिमोग्लोबीन पाहाचं हाय," ते म्हणाले.

"तुमचं?"

"नाई. तुमचं."

मला हसू आलं. "मला काय झालंय? आणि बादली तर तुम्ही रोज पाहता."

"बादलीनं मले फसवलं. बादली सांगते, घरात काय आलं. कोनाच्या पोटात गेलं, थे सांगत नाई. काल राती तुमचं जेवन झाल्यावर मी परसात आलो अन् तुमच्या भायेरच्या मोरीतले भांडे पाह्यले. तीन ताटं. दोनाले भाजी लागेल होती. तिसऱ्याले निस्तं लोनच्याचं तेल." ते थांबले. "पायऱ्या चढताना तुमी मंधातच थांबता. मले वाटे, मॅडम दमल्या. रोज कोन दमते, मॅडम?"

रांगेतल्या बायका आमच्याकडे पाहत होत्या. मी म्हणाले, नंतर बघते, आता गर्दी आहे, माझं काय एवढं. बोलताना मी खिडकीबाहेर पाहत होते, हे माझ्या लक्षात आलं. काका रुग्णाच्या खुर्चीतून उठले आणि माझ्या बाजूच्या स्टुलावर येऊन बसले.

"कुठं उतरनार?" त्यांनी हळूच विचारलं.

मी सुई काढली, डाव्या हाताच्या बोटाला लावली. आकडा आला सात पॉईंट दोन. मनूचा सगळ्यात वाईट दिवशी आला होता त्याहून कमी. काकांनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. माझं खरं ठरलं, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता. ते एवढंच म्हणाले, "तिचा आकडा मले कधी समजलाच नाई." मग कागद माझ्याकडे दिला आणि चपला घालून निघून गेले.

त्या संध्याकाळी आमच्या बादलीत पालकाचे देठ होते, दोडक्याच्या साली होत्या, सीताफळाच्या बिया होत्या. आणि घंटी एकदाच वाजली. समोरची बाई बाहेर येऊन म्हणाली, "आँ? सिंगल? काहून?" नवऱ्यालाही कळेना. मला कळलं. मी स्वयंपाकघरात गेले, तिसरं ताट खाली घेतलं, आणि कुणालाही हाक मारायच्या आधी त्यात दोन पळ्या भाजी वाढली. हात अवघडला. काहीतरी चोरत असल्यासारखं वाटलं. नवऱ्याने ते पाहिलं, मग त्याने लॅबचा कागद पाहिला, आणि त्या दिवसापासून पालेभाजी निवडायला तो बसू लागला. पहिल्या दिवशी त्याने मेथीची पानं टाकून काड्या ठेवल्या होत्या, पण बसला.

दोन वर्षांनी आम्ही यवतमाळला राहायला गेलो. निघताना काकांनी मनूला तो चिमटा देऊन टाकला. घंटी मात्र दिली नाही, समोरच्या बाईची बादली अजून सुधारायची आहे म्हणाले. आता ते नाहीत. मुलीने फोन करून कळवलं तेव्हा मी विचारलं, घंटीचं काय केलं? ती म्हणाली, बोरी अरबला आणली, दाराला लावली, पण वाजवायची कशासाठी ते कोणालाच माहीत नाही. मी तिला सांगितलं. तिने ते मला परत एकदा सांगायला लावलं.

मनू आता तेरा वर्षांची आहे, आणि एका जागी दोन मिनिटं बसत नाही. परवा अचानक पाहुणे आले, चवळीच्या शेंगांची भाजी कमी पडली. मी सगळ्यांना वाढलं, मनूला वाढलं, आणि इतक्या वर्षांनी, अगदी नकळत, माझा हात लोणच्याच्या बरणीकडे गेला. मनूने चमचा उचलला आणि स्टीलच्या पेल्यावर एकदाच वाजवला. टण.

पाहुणे चमकून पाहायला लागले. नवरा घास हातात धरून थांबला. मनूने आपली वाटी माझ्या ताटात पालथी केली, नवऱ्याने त्याच्यातली अर्धी भाजी सरकवली, आणि ती चमचा तसाच वर धरून माझ्याकडे पाहत राहिली. मी बरणी बाजूला सारली आणि भाजीचा पहिला घास घेतला. तो गिळून होईपर्यंत ती थांबली. मग तिने पेल्यावर दोनदा वाजवलं, आणि सगळे जेवायला लागले.